डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश रुळायला किती दिवस लागतात?

प्रश्न थोडक्यात असा. मुलीने वाढदिवसाला डुकराच्या केसांचा, इटालियन बनावटीचा दाढीचा ब्रश दिला. आठ दिवस वापरून झाला. ओला केला की गोठ्यात शिरल्यासारखा वास येतो. गालाला टोचतो. वाटीत भरपूर दिसणारा फेस गालावर येईपर्यंत गडप होतो. रोज चार-पाच केस गळून हनुवटीला चिकटतात. ब्रश खराब निघाला का? उकळत्या पाण्यात बुडवला तर मऊ होईल का? की टाकून देऊन नायलॉनचा घ्यावा?

टाकू नका. आणि उकळतं पाणी तर लांबच ठेवा. वास, टोचणं, फेस गिळणं, थोडे केस गळणं, या चारही गोष्टी नव्या ब्रशाच्या अंगच्या आहेत. आठ दिवसांत तो रुळत नाही. रोज दाढी करणाऱ्याला साधारण महिना धरा, म्हणजे २० ते ३० दाढ्या. एक दिवसाआड करत असाल तर दोन महिने.

माझं सोलापुरात वडिलांपासूनचं सलून आहे आणि ३१ वर्षं मी स्वतः खुर्चीमागे उभा आहे. त्यामुळे नवे ब्रश रुळवण्याचं काम शेकड्याने झालंय. नवी कोल्हापुरी चप्पल पहिले चार दिवस चावते, करकरते, मग एक दिवस पायात आहे हे लक्षातच येत नाही. हा ब्रश त्याच जातीचा. फरक एवढाच, की चपलेला तेल चालतं, ब्रशाला चालत नाही. खोबरेल लावून ब्रश मऊ करायला निघालेली दोन गिऱ्हाइकं मला भेटली आहेत. तेल बसलेल्या केसांवर फेस उभाच राहत नाही. दोघांनाही तीन-तीनदा शाम्पूने ब्रश धुवायला लावला, तेव्हा कुठे तो परत कामाला लागला.

आधी एक खात्री करून घ्या, ब्रश खरोखर डुकराच्या केसांचाच आहे ना. तुमचा बाहेरून आलाय, बहुधा असेलच. पण आपल्या बाजारात 'ब्रिसल' असं छापलेल्या ब्रशात पुष्कळदा नायलॉनचे तंतू निघतात. गळलेला एक केस चिमट्यात धरून काडीने पेटवा. खरा केस चुरचुरत जळतो, केस जळल्याचा तो घाण वास येतो आणि मागे काळी राख राहते, ती बोटात चुरली जाते. नायलॉन वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. नायलॉन निघाला तर पुढचं सगळं वाचण्यात अर्थ नाही, तो जसा आहे तसाच राहणार.

आता हा केस जवळून बघा. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघितलंत तरी चालेल. डुकराचा राठ केस मुळाशी जाड आणि टोकाला निमुळता असतो. ब्रश बांधताना मुळाकडची बाजू आत, डिंकात बसवतात आणि टोकं बाहेर ठेवतात. नव्या ब्रशातली बरीच टोकं अजून मिटलेली, सरळ काडीसारखी असतात. तीच टोचतात. रोज भिजणं, गालावर घासणं, वाळणं आणि पुन्हा भिजणं, असं चालू राहिलं की टोक उभं चिरतं. एका केसाची दोन, कधी तीन बारीक टोकं होतात. माझा घरचा नऊ वर्षांचा ब्रश उजेडात धरला तर वरचा भाग धुक्यासारखा पुसट दिसतो, नव्याची कड स्वच्छ रेघेसारखी दिसते. केसाचा खालचा भाग मात्र राठच राहतो. म्हणून जुना झालेला असा ब्रश वरून मऊ लागतो आणि तरी आतून दाढीचे खुंट उभे करण्याइतका जोर त्याच्यात असतो. बॅजर नावाच्या जनावराच्या केसांच्या महागड्या ब्रशांपेक्षा मला हा आवडतो तो याचसाठी. आपल्याकडच्या जाड, दाट दाढीला असा दाब लागतो.

टोकं चिरण्याला वापराशिवाय दुसरा रस्ता नाही. रात्रभर पाण्यात ठेवा, फ्रीजमध्ये ठेवा, असले उपाय लोक सांगतात. रात्रभर भिजवल्याने केस मऊ लागतो खरा, कारण डुकराचा केस पाणी शोषून घेतो, पण सुकला की पुन्हा होता तसा. वर लाकडी दांडा असेल तर तो फुगतो, वार्निश तडकतं आणि पाणी गाठीत, म्हणजे केस बांधून दांड्यात बसवलेले असतात तिथे, शिरतं. घाई असेल तर ज्या दिवशी दाढी करत नाही त्या दिवशी नुसता हातावर फेस करा, दोन-तीन मिनिटं तळव्यावर गोल फिरवा, धुवा, वाळवा. पण ओल्यावर पुन्हा ओला नको. मध्ये पूर्ण वाळू द्यायचा, म्हणजे दिवसातून एकदाच.

वासाचं म्हणाल तर ती जनावराची चीज आहे, वास येणारच. साध्या शाम्पूने कोमट पाण्यात दोनदा धुवा. मग दाढीच्याच साबणाचा दाट फेस करून ब्रश तसाच फेसाने माखलेला एक रात्र उभा ठेवा आणि सकाळी धुवून टाका. असं दोन रात्री करा. दहाव्या दाढीपर्यंत वास जवळपास जातो. पावसाळ्यात एखाद्या दिवशी हलकासा परत येईल, त्याने घाबरू नका. डेटॉल, फिनेल, अत्तर यांच्या नादी लागू नका. एकाने गुलाबपाण्यात बुडवला होता, त्याला गुलाबाचा गोठा म्हणावं असा वास यायला लागला. काही ब्रशांच्या केसांवर बॅजरसारखा काळा पट्टा असतो, तो रंगवलेला असतो. पहिल्या एक-दोन धुण्यांत पाणी काळसर आलं तर तो त्याचा रंग आहे, एवढंच.

फेस गडप होतो, त्याचं कारणही तेच पाणी शोषणं. कोरडा नवा केस फेसातलं पाणी ओढून घेतो आणि मिटलेली टोकं फेस धरून ठेवत नाहीत. म्हणून दाढीला बसण्याआधी तीन-चार मिनिटं ब्रशाचे फक्त केस कोमट पाण्यात उभे ठेवा. पाणी केसांच्या निम्म्याच्या थोडं वर, दांड्याला लागता कामा नये. मी गिऱ्हाइकाच्या मानेला कापड बांधून खुर्ची सरळ करेपर्यंत माझा ब्रश भिजलेला असतो. घरी तुम्ही आंघोळीला जाताना ब्रश मगात ठेवून जा. मग बाहेर काढून दोनदा हलका झटका. कोरडा ठणठणीत करू नका, पाणी टपकत असेल तर मात्र अजून एक झटका. क्रीम नेहमीपेक्षा दीडपट घ्या. दाढीच्या साबणाची वडी असेल तर वडीवर ३० ते ४० सेकंद फिरवा, टोकांवर दाट थर चढेपर्यंत. महिनाभर क्रीम जरा जास्त जाईल, ते गृहीत धरा. वाटीतच फेस पूर्ण करायचा हट्ट नको. वाटीत अर्धा, उरलेला गालावर, मधूनमधून टोकं पाण्याला नुसती टेकवत. गालावर घासलं की टोकं चिरतात, म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

कडक वडी या ब्रशाला चांगली मानवते. वडीवरून साबण उचलायला राठ केसच लागतो. ट्यूबमधली क्रीमही चालते, पण मला विचाराल तर रुळवण्याच्या महिन्यात वडी घ्या.

टोचणं कमी करायला पहिले पंधरा दिवस गोल-गोल रगडू नका. भिंतीला चुना मारतो तसा वर-खाली फिरवा, केस आपल्या अंगाने वाकू द्या. दाब किती, तर केसांचा वरचा तिसरा हिस्सा वाकेल इतकाच. त्याच्या खाली ब्रश चेपला जातोय असं दिसलं की हात सैल करा. गालाची कातडी नाजूक असेल, पुरळ असेल, तर पुरळ बसेपर्यंत ब्रश गालाला लावूच नका, हातावरच रुळवा.

चार-पाच केस गळतात हे ऐकून मी घाबरलो नाही. बांधताना काही केस आखूड राहतात, त्यांचं मूळ डिंकापर्यंत पोचलेलंच नसतं. ते पहिल्या दहा-पंधरा दाढ्यांत बाहेर येतात. कोरडा ब्रश उलटा धरून तळव्यावर थोपटा, मग बोटांनी केस विंचरल्यासारखे करा, सुटे असतील ते निघून जातील. ओढू नका. गळणं दर आठवड्याला कमी होत गेलं पाहिजे. महिन्यानंतरही रोज पाचसहा येत असतील किंवा एकदम झुबका हातात आला, तर गाठ कच्ची आहे. असा ब्रश दुकानदाराला परत द्या.

एखादा केस बाकीच्यांच्या वर उभा राहिलेला दिसेल. कात्री लावायचा मोह होईल. आमचा तर धंदाच कात्रीचा, पण ब्रशाला मी कात्री लावत नाही. टोक कापलं की निमुळता भाग गेला, उरतो तो बोथट खुंट, आणि तो सहजासहजी मऊ होत नाही. फारच नडत असेल तर तो एक केस चिमट्याने मुळासकट उपटा.

आता उकळत्या पाण्याचं. केस म्हणजे प्रथिन, उकळलं की ते ठिसूळ होतं. गाठीतला डिंकही उष्णतेने ढिला पडतो. बोट आरामात ठेवता येईल त्याहून गरम पाणी ब्रशाला दाखवायचं नाही. बऱ्याच घरांत ब्रश उकळायची सवय असते ती स्वच्छतेच्या भीतीने, आणि ती भीती अगदीच हवेतली नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रज आणि अमेरिकन सैनिकांना दाढीच्या ब्रशांमधून काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. स्वस्त ब्रशांत बॅजरच्या नावाखाली घोड्याचे केस घालत, ते आशियातून येत आणि नीट निर्जंतुक केलेले नसत. १९२० साली ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदीच घातली. आज नावाजलेल्या कंपन्यांचे केस बांधण्याआधीच निर्जंतुक होऊन येतात. घरचा एकट्याने वापरायचा ब्रश साबणानेच धुतला जातो, त्याला वेगळं उकळायची गरज नाही. एकच ब्रश दहा जणांच्या गालांवरून फिरवणं ही निराळी गोष्ट. माझ्या दुकानात नेहमीच्या गिऱ्हाइकांचे ब्रश नाव लिहून खणात ठेवलेत, बाकीच्यांना मी हातानेच फेस लावतो.

ब्रश बहुतेक वेळा वरून झिजून मरत नाही, मुळातून मरतो. हे मला एका शिकाऊ पोराने शिकवलं. पोरगं कामसू, पण फेस लवकर यावा म्हणून ब्रश वडीच्या वाटीत दाबून खलबत्त्यात कुटल्यासारखा करायचा. केस चारी बाजूंनी फाकायचे, मधला भाग वाटीच्या बुडाला टेकायचा. तीन महिन्यांत ब्रशाच्या मधोमध रुपयाएवढं टक्कल पडलं. बाहेरचे केस ठणठणीत, मधले मुळाशी मोडलेले. मी आधी ब्रशालाच नावं ठेवली होती. नवा आणून दिला तर त्याचंही तेच झालं, तेव्हा त्याच्यामागे उभं राहून हात बघितला. एकाच दिशेने सतत पिळत फिरवल्यानेही असंच होतं, म्हणून दहा फेरे उजवे झाले की दहा डावे.

दाढी झाली की नळाखाली केस खाली करून धुवा, पाणी गाठीच्या आतून निघालं पाहिजे. गाठीजवळ अंगठा आणि दोन बोटांनी हलकं चेपत राहा, पांढरं पाणी यायचं थांबेपर्यंत. मग मूठ वळून केस दाबून पाणी काढा. दाबायचं, ओढायचं नाही, म्हशीची धार काढल्यासारखा हात चालवू नका. तीन-चार झटके, जुन्या टॉवेलवर दोन्ही बाजूंनी पुसा, केस बोटांनी मोकळे करा आणि वाऱ्याला ठेवा. उलटा टांगावा की सरळ उभा ठेवावा यावर लोक तासभर वाद घालतात. माझ्या अनुभवात फरक पडत नाही, वारा लागला पाहिजे एवढंच. आरशामागच्या बंद कपाटात ओला ब्रश ठेवणं मात्र वाईट. डुकराचा केस पाणी आत घेतो, त्यामुळे वाळायलाही तो वेळ घेतो, पुरता वाळायला २४ तास धरा. रोज दाढी करणाऱ्याने दोन ब्रश ठेवावेत आणि आलटून पालटून वापरावेत. दोन ब्रश मिळून तीन ब्रशांएवढे टिकतात, हा माझा हिशोब. कडक उन्हात मात्र ठेवू नका.

सोलापुरात आम्हाला बोअरचं पाणी, पुण्याच्या टँकरवाल्या सोसायट्यांतही तेच. जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाचं जमत नाही, त्याचा पांढरा, खडूसारखा साका होतो आणि तो गाठीशी बसतो. वाळल्यावर केस काड्यांसारखे कडक लागले, मुळाशी पांढरट दिसलं, रुळलेला ब्रश पुन्हा टोचायला लागला, तर समजा साका चढलाय. कपभर कोमट पाण्यात मोठा चमचा पांढरं व्हिनेगर, किंवा पाव चमचा लिंबूसत्व. त्यात फक्त केस पाच मिनिटं बुडवा, हलवा, साध्या पाण्याने धुवा, मग थेंबभर शाम्पू, पुन्हा पाणी. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा. मुंबईसारखं तलावाचं हलकं पाणी असेल तर तीन-चार महिन्यांनी एकदा पुरे. नुसतं व्हिनेगर पाण्याविना ओतायचं नाही. शेवटचं धुणं शक्य असेल तर पिण्याच्या पाण्याने करा, अर्धा तांब्या लागतो.

नायलॉनचं विचारलंत. आताचे चांगले कृत्रिम तंतू जुन्या नायलॉनसारखे राहिलेले नाहीत. ते मऊ असतात, भिजवावे लागत नाहीत, तासाभरात वाळतात. रोज घाईत असणाऱ्याला किंवा सतत फिरतीवर असणाऱ्याला मी तेच सुचवतो. डुकराचे केस धर्माने किंवा मनाने चालत नसतील त्यांनाही तेच. माझ्या दुकानात मुस्लीम गिऱ्हाइकांसाठी कृत्रिम तंतूंचे ब्रश वेगळ्या रंगाच्या दांड्याचे, वेगळ्या खणात आहेत, आणि कोणी विचारायच्या आत मी दाखवतो. भेट देणाऱ्यांनीही ब्रश कशाचा आहे हे आधी बघावं. बाकी किमतीच्या मानाने डुकराच्या केसांना तोड नाही. इटलीत बोलोन्याची ओमेगा कंपनी १९३१ पासून हे ब्रश बनवते, पोर्तुगालची सेमोग आहे, आणि त्यांचे साधे ब्रश तिकडच्या न्हाव्यांच्या दुकानांत रोज राबतात. आपल्याकडे उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं शेरकोट ब्रशांसाठी प्रसिद्ध आहे, मात्र तिथला मुख्य माल रंगाचे ब्रश. रंगाच्या ब्रशातही डुकराचाच केस लागतो, कारण त्याचंही टोक चिरलेलं असतं आणि ते रंग धरून ठेवतं.

नीट ठेवलेला ब्रश घरच्या वापरात पाच-सात वर्षं सहज जातो. मधे कधी सगळी गाठच दांड्यातून निघून हातात आली तर रडू नका, तो बिघाड नाही. दोन-तीन दिवस गाठ आणि दांड्यातला खड्डा पूर्ण वाळवा, जुना डिंक खरवडून काढा, एरल्डाइट लावून बसवा, एक रात्र नव्हे तर पूर्ण दिवस तसाच ठेवा. गाठ मात्र मधूनच सुटत असेल, किंवा मुळाशी कुजल्यासारखा वास येत असेल आणि व्हिनेगरनेही जात नसेल, तर तो ब्रश संपला.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पुढच्या महिन्यात मुलीकडे चिपळूणला जाणार आहात. पावसाळ्यात कोकणात ब्रश वाळत नाही आणि गाठीशी बुरशीचे काळे ठिपके धरतात. ब्रश बंद डबीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, जुन्या मलमलीच्या तुकड्यात सैल गुंडाळा. तिथे पोचल्यावर दाढी झाली की पंख्याखाली ठेवा, न्हाणीघरात नको. तोपर्यंत तुमच्या साधारण पस्तीस दाढ्या झालेल्या असतील.